रोज आवरूनही घर भरल्यासारखं वाटतं, ते कोणत्या सवयींमुळे?

तुम्ही लिहिलंय की वन बीएचके आहे, रोज आवरता, प्लास्टिकचे बॉक्स आणि ऑर्गनायझर पण आणून झाले, तरी हॉल कोंदल्यासारखा वाटतो, तर मांडणीत काय चुकतंय आणि पडदे बदलून फरक पडेल का. पडद्याचं शेवटी सांगते. आधी मला सांगा, संक्रांत ते रथसप्तमी तुमच्याकडे वाण किती जमतं?

हसू नका, मी सिरियसली विचारतेय. तुमचा प्रश्न वाचला आणि मला राहवलं नाही, कारण आमच्या घरात या विषयावरून जे झालंय ते अजून मिटलेलं नाही.

मी साताऱ्याची, गोडोलीत राहते. आमची बिल्डिंग, भिशीतल्या बायका, नवऱ्याच्या ऑफिसातल्या वहिनी, सासरची भावकी, सगळीकडे हळदीकुंकू. प्रत्येक घरातून काहीतरी हातात पडतंच. साबणाची डबी, चहाची गाळणी, चार खणांचा ट्रे, मोबाईल उभा करायचा स्टँड, आरसेवाली छोटी पर्स, स्टीलची वाटी. यातली एकही वस्तू आपल्याला हवी होती म्हणून आलेली नसते. हवी असलेली वस्तू आणताना आपण तिची जागा आधी ठरवतो, कुकर आणला तर कुठल्या फळीवर बसणार हे दुकानातच माहीत असतं. आलेल्या वस्तूला जागाच नसते, मग ती फ्रिजच्या डोक्यावर जाते, तिथून खिडकीच्या कट्ट्यावर, तिथून टीव्ही युनिटवर, आणि एक दिवस आपण म्हणतो की हे सगळं नीट ठेवायला एक ऑर्गनायझर आणूया. म्हणजे नको असलेल्या गोष्टी ठेवायला अजून एक गोष्ट, तीही विकत. तुमचे ते बॉक्स एकदा उघडून बघा आणि खरं सांगा आत काय आहे.

त्यात स्टीलच्या भांड्यावर लोक नाव घालून देतात. मशीनने कोरलेलं, सौ. अमक्या तमक्यांकडून, खाली तारीख. ती वाटी कामवालीला द्यायची सोय नाही, कारण तिच्याच घरी ते नाव वाचणारं कोणीतरी भेटतं. सातारा केवढंसं ते, दोन दिवसात पोवई नाक्यावर त्याच बाई समोर येऊन विचारतात, वाटी आवडली नाही का.

तर झालं असं की आमच्या वन्सं, म्हणजे मिस्टरांच्या थोरल्या बहिणी, त्यांनी एका संक्रांतीला सगळ्यांना फुलदाण्या वाटल्या. प्लास्टिकच्या, आत प्लास्टिकचे गुलाब, पाकळीवर डिंकाचे पाण्यासारखे थेंब. माझ्या दृष्टीने घरात खोटी फुलं ठेवणं यासारखी वाईट सजावट नाही, राग आला तर येऊ दे. गुलाबाच्या घड्यांमधे धूळ बसते ती फडक्याने निघत नाही, दिवाळीला बादलीत साबणाचं पाणी करून बुचकळायला लागतं आणि पानांचा हिरवा रंग पाण्यात उतरतो, म्हणजे दरवर्षी ती अजून फिकट होऊन परत टीव्हीशेजारी बसतात. काढायची म्हटलं तर वन्सं आल्या आल्या आधी टीव्हीकडे बघतात.

पुढच्या संक्रांतीला वाण द्यायची वेळ माझी. मी ठरवलं, मी कुणाच्या घरात एक वस्तू वाढवणार नाही. माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, आमचा वाघ्या घेवडा तुम्हाला माहीत असेल, दाण्यावर तांबडे पट्टे, त्याला भौगोलिक मानांकन पण मिळालंय. भावाकडून घेवडा आणला, जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीला अर्धा किलो दिला. बायका खूश. एकीने तर विचारलं, अजून मिळेल का विकत. आणि वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घेवडा काय वाण असतं व्हय? खाल्ला की संपला. आठवण काय राहिली मग?"

मी म्हटलं, वन्सं, सुगडात काय घालतो आपण? बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, उसाचे करवे, गव्हाच्या ओंब्या, तीळ. सगळं रानातलं, सगळं खायचं. सुगड पण मातीचं. बायकांनी एकमेकींना जे द्यायचं ते संपणारंच होतं की पूर्वीपासून. प्लास्टिकचा ट्रे कुठल्या पोथीत लिहिलाय? त्या म्हणाल्या, "शिकलेल्या बायकांशी कोण बोलणार." आणि त्या वर्षापासून आमच्याकडे हळदीकुंकवाला येतात, पण वाण घेताना पिशवी उचलून वजन बघितल्यासारखं करतात. आत्या, म्हणजे सासूबाई, मधे पडल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच घेवडा भिजत घातला आणि लेकीला जेवायला थांबवून घेतलं. वन्संनी उसळ दोनदा वाढून घेतली हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

बरं, मांडणीचं. खरं तर तुम्हाला माहीत असणारच, तरी भराभर सांगते. दाराच्या मागे हुक लावून त्यावर कपड्यांचा ढीग, त्यामुळे दार भिंतीला टेकत नाही आणि खोलीत शिरताना अंग चोरायला लागतं. कपाटावर बॅगा पार छतापर्यंत. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, सोफ्याला कव्हर आणि त्यावर परत टॉवेल. उघड्या फळ्यांचं टीव्ही युनिट, ज्यात प्रत्येक फळी भरलीच पाहिजे असं आपल्याला का वाटतं देव जाणे. भिंतीवर एक मोठा फोटो चालतो, बारा लहान फ्रेम लावल्या की नजर कुठेच ठरत नाही. लग्नात आलेली घड्याळं तर आमच्या ओळखीत एकाने तिन्ही खोल्यांत लावलीत आणि तिन्हीत वेळ वेगळी. सत्कारात मिळालेली ती पारदर्शक सन्मानचिन्हं, त्याबद्दल मी बोलत नाही, आमचे मिस्टर हे वाचतात.

आणि एक हिशेब कागदावर करून बघा. हॉल १० बाय १२ म्हणजे १२० चौरस फूट. दिवाण ६ बाय ४, गेले २४. सोफा साडेसहा बाय पावणेतीन, साधारण १८. युनिट, शोकेस, टीपॉय मिळून अजून १८-२० धरा. अर्धी जमीन गेली, माणूस अजून आत आलेलाच नाही. मग तुम्ही रोज कितीही आवरा, आवरून वस्तू सरळ होतात, कमी होत नाहीत.

सासरचं जुनं घर पेठेत होतं, तिथे माणसं आमच्या दुप्पट आणि तरी माजघर मोकळं दिसायचं. कारण भिंती हातभर जाड आणि सामान भिंतीच्या पोटात. कोनाडा, देवळी, फडताळ, वर माळा, कपडे खुंटीला. जमिनीवर फक्त पाट आणि अंथरूण, तेही उचललं जायचं. आताच्या फ्लॅटची भिंत चार-सहा इंचाची, त्यात काय मावणार, म्हणून सगळं कपाट, युनिट, रॅक असं भिंतीच्या पुढे येऊन बसलंय. त्यामुळे जुन्या घराइतकं सामान नव्या घरात ठेवायचा हट्ट करू नका. वन्सं याच माजघराची आठवण काढून रडतात आणि येताना फुलदाणी घेऊन येतात, आता काय बोलायचं.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे, आवरायचं थोडं कमी करा आणि येणं थांबवा. रिटर्न गिफ्ट नको असं बारशाला, मुंजीला आधीच सांगा. तुमच्याकडे हळदीकुंकू असेल तेव्हा खायचं द्या, गूळ द्या, शेंगदाणे द्या, परवडत असेल तर मोती चौकातले कंदी पेढे द्या, पाच-सहा जणींनी असं दिलं की बाकीच्यांनाही जरा हिंमत येते. नाव न घातलेलं जे साठलंय ते जवळच्या अंगणवाडीला विचारून द्या, गाळण्या आणि ट्रे त्यांना खरंच लागतात.

आता हेही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये मला झोडपाल. हळदीकुंकवाच्या मी विरोधात नाही, आमच्याकडे अशा बायका येतात ज्यांना वर्षातून त्याच दिवसांत बाहेर पडायला मिळतं. आणि दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील तर घर भरलेलंच दिसणार, त्यात कुणाची सवय चुकलेली नाही. लहान मूल असेल तर अजून तीन-चार वर्षं हा विषयच सोडून द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ट्रंकेला त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि विचारलंत तरी बहुतेक नाहीच म्हणतील.

पडदे. पडदा बदलून सामान कमी होत नाही, पण बदलणारच असाल तर भिंतीच्या रंगाच्या जवळचा, बिनफुलांचा घ्या. रॉड खिडकीपेक्षा दोन्हीकडे अर्धा फूट लांब बसवा म्हणजे पडदा सारल्यावर काचेवर येत नाही, उजेड पूर्ण आत येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, जाड डबल पडदे घेतलेत तर त्यांना कुबट वास येणार, आणि हॉलमध्ये दोरी बांधून वाळत घातलेले कपडे त्यात भर घालणार ते वेगळंच. पातळ कॉटनचे घ्या, लवकर वाळतात.