पहिला घोट घेण्याआधी

मित्रा, बर्बनच्या, म्हणजे अमेरिकी व्हिस्कीच्या बाटलीवर ‘स्मॉल बॅच’ (मोजक्या पिंपांचं मिश्रण) लिहिलंय म्हणून आधीच भारावून जाऊ नकोस. अमेरिकेच्या कायद्यात या शब्दांची व्याख्याच नाही. किती पिंपं एकत्र केली, हे ज्याचं तो ठरवतो. ‘बर्बन’ला मात्र कडक नियम आहेत: किमान 51 टक्के मका आणि आतून जाळलेलं नवं कोरं ओकचं पिंप. व्हॅनिला, कॅरमेल येतं ते त्या लाकडातून.

सुरुवातीला केंटकीची ‘फोर रोझेस स्मॉल बॅच’ घे. 45 टक्के अल्कोहोल, चार वेगवेगळ्या रेसिपींचं मिश्रण. तोंडाशी निमुळता ग्लास, त्यात जेमतेम 20 मिली, बर्फ नाही. ओतलीस की दहा मिनिटं हात लावू नकोस. मग ग्लास हनुवटीपाशी धर, ओठ किंचित उघडे ठेव आणि हळूच वास घे. थेट नाक खुपसलंस तर फक्त अल्कोहोल झोंबेल आणि पुढचं काही कळणार नाही.

पहिल्या घोटावर मत बनवू नकोस, तो जिभेला सवय होण्यापुरता. दुसरा तोंडभर फिरव. आधी गोडवा येईल, मागून राय या धान्याचा मिरीसारखा तिखटपणा. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, ते घड्याळात बघ. माझ्या लेखी खरी परीक्षा तीच. मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा वास घे, बराच फरक जाणवेल.

आणि रिकामा ग्लास लगेच विसळू नकोस. सकाळी हुंगून बघ, नुसतं लाकूड आणि गूळ.