कोयनेतलं १०५ टीएमसी पाणी लिटरमध्ये किती? शून्यं न मोजता गुणाकार

तुमचा प्रश्न असा: कोयना धरण भरल्याची बातमी वाचून मुलीने ‘लिटरमध्ये किती?’ असं विचारलं, आणि गुणाकार करताना शून्यांचाच घोळ होतोय.

मी नववी-दहावीच्या गणिताची शिकवणी घेतो. पावसाळ्यात हा हिशेब मुलांकडून हमखास करून घेतो, कारण रोज कानावर पडणारा ‘टीएमसी’ त्यातून खरोखर कळतो.

आधी शून्यं लिहिणं सोडा. प्रत्येक संख्येचे दोन भाग करा: एक ते दहाच्या मधला आकडा आणि १०चा घात. १०^९ म्हणजे एकावर नऊ शून्यं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच १०^९ घनफूट. कोयनेची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणून १.०५ × १०^११ घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर मावतात. तेलाचे पंधरा लिटरचे दोन डबे डोळ्यांसमोर आणा, त्याहून जरासं कमी. हे झालं २.८३ × १०^१.

आता आकड्याला आकड्याने गुणा: १.०५ × २.८३ = २.९७. घातांकांची मात्र बेरीज: ११ + १ = १२. उत्तर २.९७ × १०^१२ लिटर. लाख म्हणजे १०^५, कोटी म्हणजे १०^७, आणि ५ + ७ = १२. म्हणजे जवळपास तीन लाख कोटी लिटर! लाख-कोटीत घातांक आधीच बसलेले आहेत, हे मुलांना दिसलं की त्यांची भीती जाते.

मी घातांक नेहमी आधी तपासतो. २.९७ च्या जागी कुणी ३ लिहिलं तर काही बिघडत नाही. पण मागे एका मुलाच्या वहीत १२ च्या जागी ११ आलं, आणि भरलेलं धरण एकदम दहा टक्क्यांवर आलं.

हीच रीत पावसालाही लावा. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर, म्हणजे ८.९ × १०^८ चौरस मीटर. तिथे वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर, म्हणजे ५ मीटर पाऊस पडतो. गुणाकार ४४.५ × १०^८. आकडा दहाच्या वर गेला, म्हणून दशांशचिन्ह एक घर डावीकडे आणि घातांक एकाने वर: ४.४५ × १०^९ घनमीटर. घनमीटरला हजार लिटर, म्हणून घातांकात आणखी ३: ४.४५ × १०^१२ लिटर. धरणाच्या दीडपट! यातलं काही जमिनीत मुरतं, काहीची वाफ होते, बरंच वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला कोकणात उतरतं. तरीही ऑगस्टमध्ये दरवाजे का उचलावे लागतात, ते या एका ओळीत कळतं.

उजनीचे ११७ टीएमसी मुलीला स्वतः करू द्या. ३.३१ × १०^१२ लिटर यायला हवं.