‘कॅप्टन कूल’ची बातमी आणि लॉची सीईटी

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. धोनीने ‘कॅप्टन कूल’चा ट्रेडमार्क मागितल्याची बातमी वाचल्यापासून तिला खेळाडूंच्या ट्रेडमार्कचंच काम करायचं आहे. माझी इच्छा सीएची. यात पोट भरेल का? – एक पालक, सातारा

उत्तर : नमस्कार. मुलीने बातमी वाचून नुसती टाळी वाजवली नाही, त्यामागे कुणीतरी काम केलंय हे तिने ओळखलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

त्या अर्जावर आधी आक्षेप आला होता, कारण तसंच नाव दुसऱ्या कुणाच्या अर्जात आधीपासून होतं. धोनीला लोक वर्षानुवर्षं याच नावाने ओळखतात, हे वकिलांनी मांडलं. मग जून 2025 मध्ये अर्ज ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे अशा नावांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, जर्नलमध्ये छापून आला. छापून आलं म्हणजे नोंदणी झाली असं नाही. त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो.

खरं कसब असतं ते कुठला शब्द टिकेल हे ओळखण्यात. अमेरिकेत बास्केटबॉल प्रशिक्षक पॅट रायली यांनी 1988 मध्ये ‘थ्री-पीट’साठी, म्हणजे सलग तीन विजेतेपदांसाठीच्या शब्दासाठी अर्ज केला. त्यांचा लेकर्स संघ 1989 ची अंतिम फेरी हरला, पण 1993 मध्ये शिकागो बुल्सने ती किमया केली तेव्हा तो शब्द छापलेल्या मालावरची रॉयल्टी रायलींना मिळाली. उलट लेब्रॉन जेम्ससारख्या बास्केटबॉलमधल्या ताऱ्याचा ‘टॅको ट्यूसडे’साठीचा (म्हणजे मंगळवारी टॅको खायचा बेत) अर्ज 2019 मध्ये नाकारला गेला, कारण ते शब्द सगळेच वापरतात. मला हा निर्णय योग्य वाटतो. लोकांच्या तोंडचं बोलणं एकट्याच्या मालकीचं होऊ नये.

आता पोटाचं. फक्त खेळाडूंच्या ट्रेडमार्कवर भारतात फार थोड्यांचं भागतं. मसाले, फरसाण, कपडे, क्लासेस यांच्या नावांची कामं मात्र रोज येतात, आणि सुरुवात तिथूनच होते. तुमच्या साताऱ्यातही अशी कामं आहेत.

बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचं लॉ, हा सरळ रस्ता. तुमचं मन वळत नसेल तर आधी बी.कॉम. होऊ द्या. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला, वयाची 21 वर्षं पूर्ण असतील तर, ट्रेडमार्क एजंटची परीक्षा देता येते. एजंटला रजिस्ट्रीपुढे काम करता येतं, कोर्टात उभं राहता येत नाही. म्हणून माझा कौल लॉलाच. सीएचा आग्रह तूर्त बाजूला ठेवा. मन नसताना ती परीक्षा कुणाच्याच्याने निघत नाही.

या सुट्टीत तिला ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर शोध घ्यायला सांगा. नोंदणी माल-सेवांच्या वर्गांनुसार होते: कपड्यांसाठी वर्ग 25, खेळ आणि मनोरंजनासाठी 41. आवडत्या खेळाडूंची नावं, घोषणा टाकून बघू दे. अर्जांवरचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरंही तिथे वाचायला मिळतात. भाषा रुक्ष आहे. तरीही ती वाचत बसली, तर सीईटीचा अर्ज भरायला तुम्ही स्वतः तिच्या शेजारी बसा.