वजाबाकी आधी ठरवा

सप्रेम नमस्कार,

मुलांना वाचनाकडे वळवणाऱ्या उपक्रमाच्या मूल्यमापनाचा तुमचा आराखडा मी दोनदा वाचला. किती पुस्तके वाटली जातील, किती वाचनसत्रे होतील आणि किती मुले येतील, याची नोंद त्यात चोख आहे. मात्र त्यातून तुम्ही काय केले एवढेच कळेल, मुलांमध्ये काय बदलले ते कळणार नाही. माझ्या पहिल्या अहवालात मीही पुस्तकांच्या संख्येलाच फलश्रुती मानले होते, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे.

सामाजिक परतावा, म्हणजे उपक्रमावरील खर्चाच्या तुलनेत लोकांच्या जीवनात झालेल्या बदलाचे मूल्य, पैशात मांडण्याची पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत, गरजूंना रोजगार देणाऱ्या सामाजिक उद्योगांच्या संदर्भात आकाराला आली. नोकरी लागली की वेतनाचा आकडा हाती येतो. वाचनाची गोडी लागल्याचा तसा आकडा कुठेच नोंदला जात नाही, आणि म्हणून आपल्या क्षेत्रात अंदाजाचा वाटा मोठा राहतो. ब्रिटनमधील ‘बुकस्टार्ट’ हा तान्ह्या मुलांच्या घरी पुस्तके पोहोचवणारा उपक्रम १९९२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ३०० कुटुंबांपासून सुरू झाला, आणि २०१० च्या एका मूल्यांकनात त्यावरील प्रत्येक पौंडामागे सुमारे २५ पौंडांचे सामाजिक मूल्य मांडले गेले. असा आकडा वाचताना त्यामागची गृहीतके आधी पाहावीत, असे मला वाटते.

त्यांतले सर्वांत महत्त्वाचे गृहीतक वजाबाकीचे असते, म्हणजे उपक्रम नसतानाही जो बदल झाला असता, तो किती वजा करायचा याचे. समजा, वर्षअखेरीस १०० पैकी ६० मुले पूर्वीपेक्षा अधिक वाचू लागली, आणि उपक्रमाबाहेरच्या तशाच १०० मुलांपैकी ३५ मुलांचे वाचनही वाढले, तर तुमच्या उपक्रमाकडे जास्तीत जास्त २५ मुलांचा बदल येतो. त्यातही शाळेचा, ग्रंथालयाचा आणि घरच्यांचा वाटा असतोच, शिवाय काही मुलांचा उत्साह पुढच्या वर्षी ओसरतो. आपणहून नाव नोंदवणारी मुले बहुधा आधीच वाचनाकडे झुकलेली असतात, त्यामुळे सरसकट कोणत्याही मुलांशी त्यांची तुलना केली, तर निष्कर्ष फसवा ठरेल.

पुस्तक भेट मिळाल्याबरोबर ‘तुला वाचायला आवडते का?’ असे विचारू नका. समोरच्या मोठ्या माणसाला बरे वाटावे म्हणून मूल ‘हो’ म्हणते. त्यापेक्षा मुलाने स्वतः कोणते पुस्तक निवडले, कोणते अर्धवट सोडले, कोणाला वाचून दाखवले, हे विचारा. अर्धवट सोडलेले पुस्तक मला अपयश वाटत नाही. मूल आपली आवड ओळखू लागल्याची ती खूण असू शकते. याची किंमत पैशात मांडता आली नाही, तर ओढूनताणून आकडा न लावता अहवालात ते शब्दांत लिहा.

जागेअभावी नंतरच्या, दुसऱ्या तुकडीत घ्याव्या लागणाऱ्या मुलांनीही आपणहूनच नाव दिलेले असल्याने तुलनेसाठी तीच सर्वांत योग्य आहेत, आणि त्यांना उपक्रमापासून कायमचे वंचितही ठेवावे लागत नाही. दोन्ही तुकड्यांतील मुलांच्या वाचनाची पहिली नोंद मात्र पहिले सत्र भरण्यापूर्वीच घ्या आणि सुधारित आराखड्यात तिची तारीख लिहून मला पाठवा.

तुमचा स्नेहांकित