जंतूंचं पेशीपटल फोडणारी पेप्टाइडं आपल्या पेशी का फोडत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की महाबळेश्वरला एका मधपाळाकडून ऐकलं, मधमाशीच्या विषात जंतू मारणारं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, असतं आणि ते थेट पेशीचं पटल फोडतं. मग डंख बसल्यावर आपल्या पेशी कशा वाचतात? आणि वडिलांच्या पायाला मधुमेहाची जखम आहे, तिला विषाचं मलम चालेल का?

पहिल्याचं उत्तर: वाचत नाहीत. डंखाच्या जागी जी आग होते तिच्यात मेलिटिनचा, म्हणजे विषातल्या याच पेप्टाइडाचा, मोठा हात असतो. २६ अमिनो आम्लांची ही साखळी, सुक्या विषाचा जवळपास अर्धा भाग तीच. तांबड्या रक्तपेशींत मिसळली की पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. मेलिटिन जंतूंना मारतं हे खरं, पण समोर कोण आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. मी कऱ्हाडला कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो. 'जंतुनाशक पेप्टाइडाचं उदाहरण द्या' म्हटलं की दरवर्षी कुणीतरी मेलिटिनच सांगतं. मी मार्क देतो, पण मनापासून नाही.

निवड करणारं पेप्टाइड बघायचं तर मॅगेनिन घ्या. मायकेल झास्लॉफ यांनी १९८७ मध्ये ते एका आफ्रिकन बेडकाच्या कातडीतून वेगळं केलं. शस्त्रक्रिया केलेले बेडूक साध्या, जंतूंनी भरलेल्या पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नव्हत्या, हे त्यांना खटकलं होतं. मॅगेनिनवर धनभार असतो. जीवाणूच्या पटलात फॉस्फेटिडिलग्लिसेरॉल, कार्डिओलिपिन असे ऋणभारित मेद भरपूर असतात, त्यामुळे ते तिकडे ओढलं जातं. पटल मेदाच्या दोन थरांचं असतं. आपल्या पेशीच्या पटलाच्या बाहेरच्या थरात मुख्यतः फॉस्फेटिडिलकोलिन आणि स्फिंगोमायलिन, दोघांचाही एकूण भार शून्य. ऋणभारित मेद आपल्याकडेही आहेत, पण पेशी त्यांना आतल्या थरात ठेवते. त्यात भर कोलेस्टेरॉलची. डॉक्टरांनी बदनाम केलेलं हेच कोलेस्टेरॉल पटल घट्ट धरून ठेवतं, आणि बहुतेक जीवाणूंकडे ते नसतंच.

आता फोडण्याची क्रिया. पाण्यात मॅगेनिनची साखळी सैल असते. पटलाला टेकली की ती मळसूत्री वळण घेते, आणि मग तिची एक बाजू धनभारित, दुसरी तेलकट होते. तेलकट बाजू मेदात रुतवून ती पटलावर चक्क आडवी पडते. या घटकेला काहीच फुटत नाही! एस.टी.त तिघांच्या सीटवर चौथा टेकला तर सरकून घेता येतं, पण प्रत्येक सीटवर चौथा आला की कुणीतरी दांडीला लटकणारच. पटलाचंही तसंच. बाहेरचा थर फैलावत जातो, मुळात जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाडीचं पटल जागोजागी पातळ होतं, आणि पेप्टाइडांची दाटी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की मेदाचे रेणू आत वाकून छिद्र तयार होतं. छिद्राच्या कडेला पेप्टाइड आणि मेद दोन्ही असतात. पुस्तकातल्या चित्रात हे छिद्र बांधीव विहिरीच्या कठड्यासारखं गोल दाखवतात, ते मला पटत नाही. अशी छिद्रं पुष्कळदा क्षणभर टिकतात, वेडीवाकडी असतात. जीवाणूला तेवढं पुरतं: आयन (भारित कण) गळतात, पटलावरचा विद्युतदाब कोसळतो, पेशीचं इंधन असलेलं एटीपी बनणं थांबतं.

सगळीच पेप्टाइडं फोडाफोडी करत नाहीत. ब्यूफोरिन-२ पटल न फाडता आत शिरून डीएनए-आरएनएला चिकटतं. दुधातल्या लॅक्टोकोकस जीवाणूचं नायसिन तर पेशीभित्तीचा कच्चा माल असलेलं लिपिड-२ पकडतं आणि त्याच्याच आधाराने छिद्र पाडतं, म्हणून ते अगदी अल्प मात्रेत चालतं.

'पटलच फुटतं, मग जंतूंना प्रतिकार जमणारच नाही' असं लिहिलेलं तुम्हाला जागोजागी सापडेल. मला ते मान्य नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू आपल्या मेदाला लायसिन हे धनभारित अमिनो आम्ल जोडून ऋणभार कमी करतो, की पेप्टाइड दूर राहिलंच. कोलिस्टिन हे जंतुनाशक औषध याच कुळातलं. ते ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून आणखी एक पटल असलेल्या, जंतूंच्या बाह्यपटलावरचं मॅग्नेशियम हुसकावून आत घुसतं. जंतूंना त्यापासून वाचवणारं एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदवलं गेलं. तेही भारच बदलतं, आणि प्लाझ्मिडवर (डीएनएच्या सुट्या कड्यावर) असल्याने एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून कोलिस्टिन खाद्यात घालण्याची पद्धत होती. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये माणसाच्या अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि पोल्ट्रीत ते वापरायला बंदी घातली. सांगली-साताऱ्याकडे कुणी पोल्ट्रीवाला ओळखीचा असेल तर त्याच्या कानावर घाला.

वडिलांच्या जखमेला विषाचं मलम लावू नका. उघड्या मांसावर मेलिटिन काय करेल ते वर लिहिलंच आहे, शिवाय ॲलर्जी असली तर जिवावर बेतू शकतं. मॅगेनिनवरून बनवलेलं पेक्सिगनान नावाचं मलम नेमकं मधुमेही पायाच्या जखमांसाठीच तपासलं गेलं होतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) १९९९ मध्ये त्याला परवानगी नाकारली, कारण हाताशी असलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांपेक्षा ते सरस ठरलं नाही. सर्जनला दाखवा, आणि या आठवड्यातच.