बांबू हस्तकलेच्या निवासी वर्गाला प्रवेश मिळाला आहे, चित्रकला येत नाही. सुरुवातीला कशावर जोर देऊ?

तुम्ही गडचिरोलीकडच्या गावातून निघालात आणि सोबत काय न्यावं, सुट्टीत सराव कसा करावा, हेही विचारलंय. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीचं बांबू प्रशिक्षण केंद्र असो की मेळघाटातलं लवादा इथलं, माझं उत्तर तेच राहील: बांबू चिरून काढायच्या पट्टीवर जोर द्या. विणीचे प्रकार लवकर कळतात. एकसारखी पट्टी काढायला हात बसायला मात्र महिने जातात, आणि टोपली वाकडी होते ती बहुतेक वेळा पट्टीमुळेच.

चित्रकलेचं मनावर घेऊ नका. इथे लागतं ते मापाचं चित्र: वस्तू समोरून, बाजूने आणि वरून, आलेखाच्या कागदावर, खऱ्या मापात. ते कुणालाही जमतं.

बांबू शेंड्याकडून चिरायचा. आधी मधोमध दोन भाग, मग चार, मग आठ. नवा विद्यार्थी कडेने एकच बारीक पट्टी सोलायला जातो आणि ती मध्येच तुटते. चीर नेहमी जास्त वाकणाऱ्या भागाकडे सरकते. बारीक भाग सहज वाकतो, म्हणून चीर त्याच्यातच शिरते आणि तो निमुळता होत संपतो. दोन्ही भाग सारखे असले की चीर मधोमध चालते. तरीही ती कललीच, तर सुरी पुढे रेटू नका. जाड भाग हाताने जास्त वाकवा, बारीक भाग सरळ धरा. चीर हळूहळू मध्यावर येते. ही एक गोष्ट पहिल्याच महिन्यात हातात बसवा.

मग पाठ (सालीकडचा थर) आणि पोट (आतला थर) वेगळं करायचं. बांबूचे दाट, चिवट तंतू सालीकडे असतात; आतला गर मऊ आणि पिठूळ. विणायला पाठीची पट्टी घ्या. पोटाची पट्टी वळवताना मोडते आणि घुणही आधी तिलाच लागतो.

जाडी काढताना सुरी हलवायची नाही. मांडीवर जाड कातडं किंवा पोत्याची घडी ठेवा, तिच्यावर पट्टी, वर पातं स्थिर धरा आणि पट्टी ओढा. रुंदीसाठी लाकडी ठोकळ्यात दोन पाती हव्या त्या अंतरावर रोवून त्यांच्यामधून पट्टी ओढतात. लहान परडीसाठी विणायची पट्टी 4-5 मिमी रुंद आणि 1 मिमीच्या आत जाड ठेवा. उभ्या पट्ट्या 8-10 मिमी रुंद आणि थोड्या जाड. गाठीवरचा उंचवटा दोन्ही बाजूंनी तासा, नाहीतर वळणावर पट्टी तिथेच तुटेल. एका पट्टीने सलग साधी वीण घालायची असेल तर उभ्या पट्ट्या विषम हव्यात. सम झाल्या तर दुसऱ्या फेरीतही पट्टी पहिल्यासारखीच वर-खाली जाते आणि वीण बसतच नाही. अशा वेळी एक उभी पट्टी चिरून दोन करा.

ओल्या बांबूची चीर छान जाते, पण ओल्या पट्टीची टोपली वाळल्यावर आकसून सैल पडते. म्हणून पट्ट्या सावलीत वाळवा आणि विणण्याआधी फक्त पाण्याचा हात फिरवा. आपल्याकडच्या मे महिन्यात पट्टी हातातच कडक होते. तेव्हा सकाळी लवकर बसा, पट्ट्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात मात्र त्या गुंडाळून किंवा प्लास्टिकमध्ये ठेवू नका, काळी बुरशी धरते.

पट्टीखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली की घुण लागला समजा. तो बांबूतल्या पिष्टासाठी येतो, म्हणून तीन-चार वर्षांचा बांबू हिवाळ्यात तोडलेला घ्या. शोभेच्या वस्तूंसाठी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम टाकणखार आणि 200 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून पातळ पट्ट्या दोन दिवस, जाड चिरा आठवडाभर बुडवा. साल थोडी तासून घ्या, तिच्यातून पाणी आत जात नाही. पण धान्याच्या सुपाला, भाकरीच्या टोपलीला हे द्रावण अजिबात लावू नका, ते पोटात जाणं चांगलं नाही. तिथे बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात ठेवणं आणि नंतर वस्तू चुलीच्या धुरावर टांगणं, ही बुरुडांची रीतच बरी.

सोबत एक चांगली सुरी, धारेचा दगड, डाव्या हाताला जाड मोजा, चिमटा आणि जखमेवर लावायची चिकटपट्टी न्या. सालीची कड ब्लेडसारखी कापते. निघण्यापूर्वी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. बोटात कुसळ गेलं तर त्याच दिवशी काढा; राहिलं की पिकतं आणि कामाचे दिवस बुडतात.

सुट्टीतल्या सरावाला धुऱ्यावरचा बांबू उत्तम. 2017 च्या दुरुस्तीने तो वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून निघाला आहे. जंगलातला मात्र परस्पर तोडू नका, आधी ग्रामसभेत विचारा. मानवेल जातीचा बांबू बुडाकडे भरीव असतो, तो मुठी आणि पायांसाठी ठेवा. पट्ट्यांना लांब पेरांचा वरचा भाग घ्या. गावात बुरुडाचं घर असेल तर त्यांच्याजवळ बसून त्यांची सुरी कुठे थांबते ते नीट बघा.