रिले किती वेळ धरतो, ते आधी मोज

पुणे, शनिवार

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. बुधवारच्या जुन्या बाजारातून तू जे धूड घरी आणलंस तो स्ट्राउजरचा ग्रुप सिलेक्टर आहे, म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजात फिरवलेल्या एका आकड्यावरून कॉल पुढच्या मोकळ्या वाटेला जोडणारा स्विच. फायनल, म्हणजे शेवटी ग्राहकाच्याच लाइनला जोडणारा सिलेक्टर असता तर घंटा पाठवणारा आणि समोरच्याने फोन उचलताच ती तोडणारा रिले त्यात असता. रिलेंची गर्दीही याहून जास्त दिसली असती. भाव किती दिलास ते लिहिलं नाहीस, म्हणजे जास्तच दिला असणार. असू दे.

याला अर्डुइनो, म्हणजे तुमचा तो छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड कसा जोडायचा, असं तू विचारलं आहेस. सांगतो, पण जरा पुढे. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घे. या यंत्राची सगळी अक्कल वेळेत आहे. त्यात ना मेमरी आहे ना प्रोसेसर. आकडा अजून चालू आहे, आकडा संपला, की माणसाने फोन ठेवला, हे त्याला एकाच गोष्टीवरून कळतं: कुठला रिले किती मिलिसेकंद धरून राहिला आणि कधी सुटला. तुमच्या कॉलेजात रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण असं शिकवतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो तुला कुठेही वाचायला मिळेल. अल्मन स्ट्राउजर हा कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करायचा. त्याला १८९१ साली पेटंट मिळालं आणि १८९२च्या नोव्हेंबरात इंडियानातल्या ला पोर्ट गावी पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. ऑपरेटरबाई त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवायच्या, ही गोष्ट तू ऐकली असशील. प्रत्येक जण ती आपापला मसाला घालून सांगतो, म्हणून मी सोडतो. मला गंमत वाटते ती वेगळीच: त्या पहिल्या एक्स्चेंजात डायल नव्हतीच. आकड्याइतक्या वेळा ग्राहकाने बटण दाबायचं. फिरणारी डायल १८९६च्या सुमारास आली. म्हणजे आधी ठोके मोजायची जबाबदारी ग्राहकाच्या बोटावर होती, ती नंतर स्प्रिंगवर गेली. आपल्याकडे बंगळूरला १९४८ साली आय.टी.आय., म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली आणि तिनेही हीच जातकुळी बनवली. तुझ्या सिलेक्टरच्या चौकटीवर तिचा शिक्का आहे का, ते ओल्या फडक्याने पुसून बघ.

आता कामाचं. सप्लाय लावायची घाई करू नकोस. आधी सिलेक्टर उभा ठेव, जसा रॅकवर असतो तसा. टेबलावर आडवा टाकून तपासलास तर शाफ्टचं वजन भलतीकडे पडतं आणि सगळे अंदाज फसतात. शाफ्ट वर चढवणाऱ्या व्हर्टिकल मॅग्नेटचं आर्मेचर, म्हणजे चुंबकाकडे ओढली जाणारी लोखंडी पट्टी, बोटाने दाब. एका दाबाला शाफ्ट बरोबर एक दात वर चढला पाहिजे आणि खटक्याने तिथेच धरून ठेवला पाहिजे. अशा दहा पायऱ्या, म्हणजे लेव्हल असतात. मग शाफ्ट आडवा फिरवणारा रोटरी मॅग्नेट तसाच हाताने चालव. वायपर, म्हणजे शाफ्टवरचा कॉन्टॅक्टवरून सरकणारा हात, प्रत्येक ठिकाणी कॉन्टॅक्टच्या मधोमध बसतो का, की कडेला लटकतो, हे भिंगातून बघ. लाइनच्या दोन तारांचे दोन वायपर आणि तिसरा प्रायव्हेट तारेचा, म्हणजे वाट मोकळी की वापरात हे सांगणाऱ्या तारेचा, असे तिन्ही बघायचे. सगळ्यात फसवा भाग म्हणजे वायपरकडे जाणारी लवचीक कॉर्ड, तुझ्या नगात असेल तर. बाहेरून धडधाकट दिसते आणि टाक्याच्या मानेशी आतून तुटलेली असते. मीटर लावून कॉर्ड हळूच हलव. आकडा नाचला तर ती बदल.

कॉन्टॅक्ट साफ करायला पॉलिश पेपर हातात घेऊ नकोस. रिलेच्या पातीवर तो बारीक टिकला असतो तेवढाच मुद्देमाल. जाड कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजव, कॉन्टॅक्टमध्ये धर, पाती हलकेच मिटव आणि पट्टी ओढून घे. काळा डाग येतो. दोन-तीनदा केलं की पट्टी पांढरी निघते. गंजावर फवारायचं तेल बँकेवर, म्हणजे वायपर ज्यांवर बसतो त्या कॉन्टॅक्टच्या ओळींवर, मारायचा सल्ला कोणी दिला तर मान डोलव आणि मारू नकोस. तेलावर धूळ बसते आणि मग तो थर निघता निघत नाही. आणि हे सगळं पावसाळा संपल्यावर केलंस तर उत्तम. बँकेच्या मागच्या तारांवर सूत-रेशमाचं वेष्टण असेल तर ते पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत ओल धरतं आणि गळती दाखवतं. मग नसलेला दोष शोधत बसशील.

यंत्र हाताने सुरळीत चाललं की रिलेंकडे वळ. बी नावाचा रिले शोध आणि त्याची कॉइल नीट बघ. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यालगत गाभ्यावर तांब्याचं एक भरीव जाड कडं चढवलेलं दिसेल. ना त्याला तार, ना टाका. जुन्या बाजारातल्या माणसाला ते नुसतं तांबं वाटतं आणि तो ते कापून वेगळं विकतो. तुझ्यात ते शाबूत आहे, फोटोत दिसलं. प्रवाह तुटला की चुंबकत्व ओसरू लागतं, आणि ओसरताना त्या कड्यात प्रवाह उभा करतं, जो ओसरण्यालाच विरोध करतो. लेंझचा नियम तू बारावीत पाठ केलास, तो इथे नोकरीला आहे. कडं टाचेकडे, म्हणजे आर्मेचरपासून लांबच्या टोकाला असेल तर रिले ओढला जातो जवळपास नेहमीच्या वेळेत, पण सुटतो उशिरा. कडं आर्मेचरच्या बाजूला असेल तर ओढायलाही वेळ लावतो. कुठल्या टोकाला आहे ते लिहून ठेव.

आता त्या उशिराचा उपयोग. डायल सेकंदाला दहा ठोके देते. प्रत्येक ठोक्यात साधारण ६६ मिलिसेकंद लाइन तुटलेली आणि ३३ जोडलेली. ए रिले लाइनवर बसलेला असतो आणि प्रत्येक तुटीला सुटतो. तो जोडलेला असतो तेव्हा बीला पोसतो. सुटतो तेव्हा व्हर्टिकल मॅग्नेट आणि त्याच्यासोबतचा सी रिले यांना प्रवाह मिळतो. म्हणजे बीने ६६ची तूट ओलांडून धरून राहायचं, नाहीतर सिलेक्टरला वाटेल की फोन ठेवला. सीने ३३चा मधला तुकडा ओलांडायचा, नाहीतर त्याला वाटेल आकडा संपला. पण सीने फार रेंगाळूनही चालत नाही. तो सुटल्याशिवाय रोटरी सुरू होत नाही, आणि पुढच्या आकड्याचा पहिला ठोका यायच्या आत वायपरला त्या लेव्हलवर मोकळी वाट शोधायची असते. सेकंदाला तीस-बत्तीस पावलांच्या वेगाने दहा पावलं म्हणजे ३००हून जास्त मिलिसेकंद तिथेच गेले. त्यात सीचे शंभरेक धर. ग्राहक पुढचा आकडा फिरवून डायल सोडेपर्यंत जेमतेम पुरेल एवढाच वेळ आहे हा. डायल बनवणाऱ्यांनी तिच्या फिरण्यातच थोडी मोकळी जागा ठेवली ती याचसाठी.

मोकळी वाट कशी कळते, तर प्रायव्हेट तारेवर अर्थिंग आलेलं असेल तर ती वाट कोणीतरी वापरतो आहे, पुढे चल. नसेल तर थांब आणि जोड. दहाही भरलेल्या असतील तर वायपर अकराव्या पावलावर जातो, तिथे एक स्प्रिंग दाबली जाते आणि ग्राहकाला एंगेज टोन ऐकू येतो. समोरचा माणूस बोलत नसताना ‘फोन एंगेज आहे’ असं घरोघरी कित्येकदा वाटलं असेल, ते या अकराव्या पावलामुळे.

मग मोजायला बस. ऑसिलोस्कोप कॉलेजात आहेच. ए, बी, सी या तिघांचा एकेक मोकळा कॉन्टॅक्ट वेगवेगळ्या चॅनेलवर घे आणि डायलवरून १ फिरव, मग ५, मग ०. शून्य म्हणजे दहा ठोके. बीची खरी परीक्षा शून्यात, कारण ठोक्यांच्या रांगेत त्याला एक तृतीयांश वेळच प्रवाह मिळतो आणि प्रत्येक ठोक्याला तो थोडा आणखी दमतो. १ ते ५ व्यवस्थित आणि ८, ९, ० ला शाफ्ट अर्ध्यातच खाली येतो, असं झालं तर पहिला संशय बीवर घे. सुस्थितीतला असा रिले दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास सहज धरतो. कमी भरला तर आर्मेचर आणि गाभा यांच्यामधली फट बघ. तिथे बारीक स्क्रू किंवा टिकली असते, ती रिले चिकटून राहू नये म्हणून. ही फट वाढली की रिले लवकर सुटतो, कमी झाली की उशिरा. काही थाऊंचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांचा खेळ आहे, तेव्हा फीलर गेज लाव, नजरेवर जाऊ नकोस. आणि पाती वाकवायची तर शेवटचा उपाय म्हणून, आधी मोजून, आधीचं माप लिहून.

आवाजावरून दोष ओळखणारे मेकॅनिक असत, असं तुला बरेच जण सांगतील. होते. पण कानाने रॅक सापडतो, रिले गेजनेच सापडतो.

इथे तुमच्या पिढीचा एक हमखास घोळ. कॉइल दिसली की तुम्ही तिच्यावर उलटा डायोड टाकता, ट्रान्झिस्टर वाचवायला. सवय चांगली आहे, पण इथे घात करते. डायोडमधून कॉइलचा प्रवाह गोल फिरत राहतो आणि रिले उशिरा सुटतो. ए रिलेवर डायोड टाकलास तर ६६-३३चं प्रमाण बिघडेल आणि त्यावर उभा असलेला सगळा डोलारा कोसळेल. ठिणगी मारायची तर कॉन्टॅक्टवर कपॅसिटर आणि रेझिस्टर यांची जोडी लाव, मूळ बांधणीतही तीच असते. उलट तुझ्याकडचा एखादा बी कडं कापलेला निघाला तर त्याच डायोडने तात्पुरता उशीर मिळवता येईल. जुन्या लोकांनी हे डायोडशिवाय केलं होतं: रिलेचं जास्तीचं वाइंडिंग शॉर्ट केलं की तेच कड्याचं काम करतं.

सप्लाय ५० व्होल्ट डीसी. ४८चा तयार मिळतो, तापकीर गल्लीत विचार. पॉझिटिव्ह अर्थ करायचा, निगेटिव्ह नव्हे. एक्स्चेंजात हे जमिनीतल्या केबलचं तांबं विद्युतविघटनाने झिजू नये म्हणून करत. तुझ्या टेबलावर केबल नाही, तरी तसंच कर, म्हणजे जुन्या आकृत्या वाचताना डोकं फिरणार नाही. मॅग्नेटच्या वाटेत वेगळा फ्यूज हवा. मॅग्नेट क्षणभर ओढून सोडण्यासाठी बनवलेला आहे. एखादा कॉन्टॅक्ट चिकटला आणि तो ओढलेलाच राहिला तर जेवून येईपर्यंत कॉइलचा कोळसा होतो.

आता अर्डुइनो. त्याला मेंदू करू नकोस, पाहुणा म्हणून बसव. ऑप्टोकप्लरमधून, म्हणजे तारेने न जोडता प्रकाशाने सिग्नल पोचवणाऱ्या भागातून, नुसते कॉन्टॅक्ट वाच आणि वेळा नोंदव. मिटताना कॉन्टॅक्ट काही क्षण थरथरतो, ते जास्तीचे ठोके म्हणून मोजले जाणार नाहीत हे बघ. ते जमलं की एका छोट्या रीड रिलेने लाइन तोडून-जोडून ठोके त्याच्याकडून दे. मग मुद्दाम बिघडव. सेकंदाला ८ ठोके, १२ ठोके. ६६चे ७५ कर, ५० कर. कुठल्या टोकाला कोण आधी हार मानतो याचा तक्ता काढ. लांबच्या लाइनवरून येणारे ठोके असेच विद्रूप होऊन एक्स्चेंजात पोचायचे, आणि सगळी देखभाल त्या तक्त्याच्या कडा रुंद ठेवण्यासाठी चालायची. हा तक्ता तुझ्या प्रोजेक्टचा गाभा होईल. चालणाऱ्या सिलेक्टरचा व्हिडिओ कोणीही दाखवेल.

क्रॉसबार या दुसऱ्या प्रकारच्या एक्स्चेंजचं विचारलं होतंस. त्यात हा शोधाचा भाग प्रत्येक स्विचकडे नसून एका सामाईक नियंत्रकाकडे जातो, तो आकडे घेतो, वाट ठरवतो आणि दुसऱ्या कॉलकडे वळतो. हुशार पद्धत आहे, पण तर्क रिलेंच्या भिंतीत लपलेला असतो. आधी हा उभा-आडवा चालणारा सिलेक्टर, ज्यात चाललेलं सगळं डोळ्यांना दिसतं.

माझ्याकडे ग्रॅममध्ये दाब दाखवणारा पातीचा टेन्शन गेज आहे. येताना रिलेंच्या वेळांचे आकडे घेऊन ये, तो तुला वापरायला देतो. आकड्यांशिवाय आलीस तर चहा मिळेल, गेज नाही.

तुझा,
काका

ता. क. घंटा वाजवायची हौस तुला होणारच. तिला साधारण ७५ व्होल्ट एसी लागतात. घरच्या २३० व्होल्टमध्ये बल्ब अडकवून काम भागवता येतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. वेगळं वाइंडिंग असलेला आयसोलेशनचा ट्रान्सफॉर्मर घे आणि त्याच्या दुय्यम बाजूलाही फ्यूज लाव.